प्लेटा बदलूनही गिअरबॉक्स पुन्हा घसरतोय? बॉक्स खोलण्याआधी हे तपासा

दोन हंगामांत आमच्या ट्रॉलरचा गिअरबॉक्स तीनदा खोलला. तक्रार दर वेळी एकच. बंदरातून निघताना सगळं ठीक, जाळं ओढण्याची पहिली फेरी, म्हणजे ओढ, ठीक, आणि दुसऱ्या ओढीला जाळ्याचा भार आला की इंजिनचा आवाज चढतो पण बोट पुढे सरकत नाही. रिव्हर्स मात्र नेहमी खणखणीत. तिन्ही वेळा खोलल्यावर फॉरवर्डच्या प्लेटा जळलेल्या मिळाल्या. नव्या टाकल्या की महिना-दीड महिना बरा जायचा, मग पुन्हा तेच. ज्यांच्या बोटीला असा आजार फिरून फिरून येतोय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय. आमचे पैसे गेलेच, शिवाय भर हंगामातले मासळीचे दिवस गेले, आणि ते परत मिळत नाहीत.

बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. ४८ फुटी, लाकडी, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याला ३:१ चा हायड्रॉलिक बॉक्स. म्हणजे इंजिनचे तीन फेरे झाले की पंख्याचा (प्रोपेलरचा) एक. दोर-दांड्याचे जुने मेकॅनिकल बॉक्स किंवा छोट्या फायबर होड्यांची आउटबोर्ड इंजिनं वेगळी, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही.

आधी बॉक्सच्या आत काय चालतं ते थोडक्यात. इंजिन चालू झालं की बॉक्समधला तेलपंप फिरतो. केबिनमधला लिव्हर पुढे केला की केबल बॉक्सवरचा व्हॉल्व्ह फिरवते, आणि दाबाखालचं तेल फॉरवर्डच्या पिस्टनमागे जातं. पिस्टन प्लेटांचा गठ्ठा दाबतो. एक पोलादी प्लेट, एक घर्षणाची, पुन्हा एक पोलादी, असा तो गठ्ठा असतो. दाब पूर्ण असेल तर सगळ्या प्लेटा एकजीव होऊन फिरतात. दाब कमी पडला की त्या एकमेकींवर घासतात, आणि घासल्या की तापतात. म्हणजे प्लेट जळणं हा शेवट आहे. दाब का कमी पडला, हा खरा प्रश्न. तो आम्ही पहिल्या दोन वेळा विचारलाच नाही. बॉक्स उतरवला, प्लेटा आणल्या, टाकल्या, चढवला.

तिसऱ्या वेळी बंदरातल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावलं. बॉक्स खोलायची सगळी तयारी करून पाने मांडून ठेवले होते. ते इंजिनच्या खणात उतरले, बॉक्सवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आज एकही नट सोडायचा नाही. आधी तेल काढ, मग गेज लाव." मी म्हटलं, "काका, प्लेटा तर गेल्याच आहेत, वास येतोय." ते म्हणाले, "गेल्यात ते मलाही कळतंय रे. कोणी खाल्ल्या ते बघू."

तेलापासून सुरुवात करा, कारण त्याला खर्च नाही. बॉक्सचं तेल गरम असतानाच स्वच्छ भांड्यात काढा आणि पांढऱ्या धुतलेल्या फडक्यातून गाळा. आम्ही जुन्या धोतराचा तुकडा घेतला. फडक्यावर जे उरतं ते उन्हात धरून नीट बघा. सोनेरी-तपकिरी बारीक भुकटी असेल तर ती घर्षणाच्या प्लेटांवरच्या कांस्य थराची. लोहचुंबक फिरवला तरी ती जागची हलत नाही. चंदेरी कणी असेल आणि चुंबकाला चिकटत असेल तर ते बेअरिंग किंवा दात आहेत, आणि तसं असेल तर बोट जेटीवरून हलवू नका. तेल दुधाळ, ताकासारखं झालं असेल तर आत पाणी शिरलंय आणि बॉक्सचं तेल थंड करणारा कूलर फुटल्याची शंका घ्यायची. काळं आणि करपट वासाचं असेल तर प्लेटा घसरून तेल भाजलंय. आमच्या फडक्यावर भरपूर सोनेरी भुकटी आणि चुंबकाला चिकटणारी थोडी कणी होती. त्या कणीची गोष्ट वेगळी आहे, ती खाली येते.

तेल कोणतं, हेही इथेच बघून घ्या. मोठ्या चिनी बनावटीच्या बऱ्याच बॉक्सना एसएई ३० किंवा ४० चं इंजिन ऑइल चालतं, तर लहान बोटींवरच्या व्हेल्व्हेट ड्राइव्ह किंवा हुर्थ जातीच्या बॉक्सना एटीएफ, म्हणजे लाल ट्रान्समिशन ऑइल लागतं. शेजारच्या बोटीवर काय घालतात ते विचारून घालू नका, बॉक्सच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं तेच घाला. पातळी मोजायची पद्धतही वेगवेगळी असते. काही बॉक्सची इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून मोजतात, काहींची इंजिन बंद केल्याबरोबर. चुकीच्या पद्धतीने मोजली तर तेल कमी असूनही पुरेसं वाटतं आणि अर्ध्या लिटरसाठी पंप हवा ओढतो.

आता गेज. या अख्ख्या लिखाणातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बॉक्सवर दाब मोजण्यासाठी एक प्लग असतो, कित्येक बोटींवर तिथे गेज बसवलेलाच असतो पण काच धुरकटलेली आणि काटा अडकलेला. तो काढून टाका आणि चांगला, तेल भरलेला गेज लावा. आकडा मेगापास्कलमध्ये असेल तर एक मेगापास्कल म्हणजे सुमारे १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तुमच्या मॉडेलला किती दाब हवा ते पुस्तिकेत बघा.

आम्ही बोट जेटीला पुढून-मागून चांगल्या जाड दोरांनी बांधली आणि इंजिन तासभर चालवून बॉक्स गरम केला. हे गरम करणं टाळू नका. थंड तेल घट्ट असतं, ते गळतीच्या फटीतून पटकन निसटत नाही, म्हणून थंड बॉक्स नेहमी निरोगी दिसतो. आमचा बॉक्स सकाळी थंड असताना फॉरवर्डला १५ किलो दाखवत होता. गरम झाल्यावर तोच काटा ९ वर आला. रिव्हर्सला मात्र गरम असतानाही साडेचौदा.

इथेच अर्धं उत्तर मिळतं. फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्हीकडे दाब पडत असेल तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर असतो, म्हणजे तेलाची पातळी, पंपाआधीची गाळणी, पंप स्वतः किंवा दाब सांभाळणारा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच बाजूला पडत असेल तर पंपाला दोष देता येत नाही. मग त्या बाजूचा पिस्टन, शाफ्टवरच्या सील रिंगा, किंवा तिकडे तेल सोडणारा व्हॉल्व्ह. आणि दाब दोन्हीकडे भरपूर असूनही घसरत असेल तरच दोष नुसत्या प्लेटांचा. आमच्याकडे दुसऱ्या ओव्हरहॉलला पंपही बदलला होता. रिव्हर्सचा आकडा तेव्हा बघितला असता तर ते पैसे वाचले असते.

मग मिस्त्रींनी जे केलं ते मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. केबिनमधला लिव्हर फॉरवर्डलाच होता, काटा ९ वर. त्यांनी खाली बॉक्सवरच्या व्हॉल्व्हचा छोटा लिव्हर हातात धरला आणि अंगठ्याने पुढे रेटला. जेमतेम चार मिलिमीटर तो पुढे गेला, आत खाचेत बसल्याचा टक् असा आवाज आला, आणि काटा ९ वरून उठून १४ वर गेला. दोर ताणले, बोट पुढे खेचली गेली. अंगठा काढला की लिव्हर तसाच मागे यायचा आणि काटा पुन्हा ९.

म्हणजे दोन वर्षं व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नव्हता. केबिनमधला लिव्हर शेवटपर्यंत जात होता, म्हणून वर उभ्या असलेल्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, काहीच चुकीचं वाटत नव्हतं. हा त्रास सुरू होण्याआधी आम्ही केबिन उंच करून घेतली होती आणि तेव्हा तीच केबल नव्या वाटेने ओढली होती. एका जागी तिला घट्ट वळण बसलं होतं. केबलची हालचाल वळणात खाल्ली जात होती. अर्धवट उघडलेल्या भोकातून तेल कमी जायचं. थंड असताना तेवढं पुरायचं. गरम झाल्यावर सील रिंगांच्या बाजूने जेवढं निसटायचं तेवढं भरून निघायचं नाही, दाब बसायचा, प्लेटा घसरायच्या. नव्या प्लेटा आणि नव्या रिंगा टाकल्या की गळती कमी, म्हणून महिनाभर सुखाचा. मग रिंगा जरा झिजल्या की पुन्हा तेच.

तुमच्या बोटीवर हे दहा मिनिटांत बघता येतं. इंजिन बंद ठेवा, एकाला केबिनमध्ये उभं करा, त्याला फॉरवर्ड टाकायला सांगा आणि तुम्ही खाली बॉक्सवरच्या लिव्हरला हात लावा. आणखी पुढे ढकलला जातो का? जात असेल तर केबल कमी पडतेय. रिव्हर्सलाही तसंच बघा. बॉक्सच्या बाजूची पिन काढून लिव्हर हाताने खाचेत बसवा, मग केबलची लांबी त्याला जुळवा, उलट नको. केबल ओढताना जड लागत असेल, आत गंज असेल किंवा बाहेरचं आवरण फाटलं असेल तर ती दुरुस्त करत बसू नका, नवी घ्या. वळण जितकं मोठं आणि मोकळं तितकं चांगलं. बॉक्सजवळचा केबलचा क्लँपही हलवून बघा. तो ढिला असला की केबल पुढे जाण्याऐवजी आवरणच मागे सरकतं, आणि लक्षणं अगदी हीच दिसतात.

घसरण किती आहे हे आकड्यात काढायचं असेल तर पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने मिनिटाचे फेरे मोजा. शाफ्टजवळ सैल कपडे, गळ्यातला टॉवेल, बाहीची टोकं नकोत, आणि मोजणाऱ्याने हात पट्टीजवळ न्यायचा नाही. इंजिन १५०० ला, बॉक्स ३:१, म्हणजे शाफ्ट ५०० ने फिरायला हवा. आमचा गरम असताना ४५५ ने फिरत होता. नऊ टक्के घसरण. कानाला नऊ टक्के कळत नाहीत, पण हिशोब करून बघा: ६० अश्वशक्ती जात असेल तर त्यातली साडेपाच अश्वशक्तीच्या आसपास नुसती उष्णता होतेय. म्हणजे जवळजवळ चार किलोवॅट, घरातल्या बाथरूमचे दोन गिझर त्या प्लेटांच्या गठ्ठ्यात तासन् तास चालू ठेवल्यासारखं. प्लेटा जळणार नाहीत तर काय होईल!

कूलरचं थोडक्यात सांगतो. खाऱ्या पाण्याच्या नळ्यांत गाळ आणि शिंपले बसतात, तेल गरम राहतं, पातळ होतं आणि दाब पडतो. तेल कूलरमध्ये जाताना आणि बाहेर येताना किती तापलंय ते साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. फरक दिसत नसेल तर कूलर काढून साफ करा. झिंकचा तुकडा खाल्ला गेलाय का तेही त्याच वेळी बघा, कारण झिंक संपलं की खारं पाणी नळ्या खायला लागतं. फुटला असल्याची शंका असेल तर तेलाच्या बाजूचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलकी हवा द्या आणि कूलर पाण्याच्या टबात बुडवा, बुडबुडे सांगतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त म्हणून तेल समुद्रात जातं, आणि बंद झाल्यावर पाणी उलट आत येऊ शकतं. तेल कमी होतंय पण खणात कुठे सांडलेलं दिसत नाही, असं असेल तर आधी इथेच बघा.

न्यूट्रलला शाफ्ट हळूहळू फिरतो ही तक्रारही पुष्कळ जण करतात. तेल थंड असताना थोडा फिरला तर काळजी नको. गरम झाल्यावरही जोरात फिरत असेल आणि बोट न्यूट्रलला पुढे चालत असेल, तर प्लेटा वाकल्यात किंवा एकमेकींना चिकटल्यात. संथ चालीला खडखड आणि फेरे वाढवले की आवाज गायब, असं असेल तर बॉक्सला हात लावायच्या आधी इंजिन आणि बॉक्स यांच्यामधल्या कपलिंगचे रबर बघा. ते कडक होऊन भेगाळलेले असतात. बॉक्सच्या मानाने तो खर्च अगदी लहान असतो.

आता बॉक्स खोलावाच लागला तर. आमच्या प्लेटा गेल्याच होत्या, त्यामुळे केबल नीट केल्यावरही खोलावा लागला. पोलादी प्लेट जाड काचेवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, वाकलेली लगेच कळते. निळे डाग म्हणजे ती तापून गेलीय, ती घासून पुन्हा वापरू नका. घर्षणाच्या नव्या प्लेटांबरोबर जुन्या पोलादी प्लेटा टाकणं ही काटकसर आम्ही पहिल्या वेळी केली होती. नव्या प्लेटा बसवताना कोरड्या बसवू नका, तेलात भिजवून बसवा. सील रिंगा आणि ओ-रिंगा दिसायला चांगल्या असल्या तरी बदला. पण रिंग बदलण्याआधी ती जिथे घासते त्या जागेवर नखाने आडवी रेघ मारून बघा. नख खाचेत अडकत असेल तर नवी रिंगही तिथून गळणार. आमच्याकडे नख स्पष्ट अडकत होतं. ती जागा ज्या भागावर होती ती स्लीव्ह बदलली, आणि मला वाटतं केबलनंतर सगळ्यात महत्त्वाचं काम तेच झालं.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, यावर बंदरात नेहमी दोन तट असतात. माझं मत असं. प्लेटा, रिंगा, सील, बेअरिंग, पंप, स्लीव्ह गेलं असेल तर दुरुस्त करा, फक्त सुटे भाग मिळतायत का ते आधी बघून मग बॉक्स सोडवा. पण मुख्य दातांवर खड्डे पडले असतील, किंवा बेअरिंग ज्या घरात बसतं ते घरच सैल झालं असेल, म्हणजे नवं बेअरिंग हाताने आत-बाहेर होत असेल, किंवा केसिंगला तडा असेल, तर त्यात पैसे घालू नका. वेल्डिंग करून, पंच मारून घर घट्ट करतात ते काही दिवस टिकतं, दर्यात टिकत नाही. आणि तुमच्या बॉक्सचे भागच बाजारातून गेले असतील तर दर वेळी लेथवर बनवून घेण्यापेक्षा बदलणं बरं.

बदलायचा ठरला तर चार गोष्टी जुळल्याशिवाय पैसे मोजू नका. पहिली म्हणजे रेशो. ३:१ च्या जागी स्वस्त मिळतोय म्हणून २.५:१ चा आणला, तर इंजिन १८०० ला असताना शाफ्ट ६०० ऐवजी ७२० ने फिरेल. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणजे दीड पटीहून जास्त, १.७३ पट. जुना पंखा तसाच ठेवला तर इंजिन ते ओढू शकत नाही, काळा धूर ओकतं, आणि नव्या बॉक्सवर पहिल्या दिवसापासून जादा भार. मग पंखाही बदलावा लागतो. दुसरी, फिरण्याची दिशा. काही बॉक्समध्ये फॉरवर्डला शाफ्ट उलटा फिरतो आणि उजव्या हाताचा पंखा असलेली बोट मागे चालायला लागते. तिसरी, इंजिनच्या मध्यरेषेपासून शाफ्टची मध्यरेषा किती खाली आहे. त्यात दोन बोटांचा फरक असला तरी फाउंडेशन उचलावं किंवा तासावं लागतं. चौथी, इंजिनच्या फ्लायव्हील हाउसिंगचा एसएई नंबर, म्हणजे बॉक्स जिथे जोडला जातो त्या तोंडाचं माप. गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगहून आलेला जुना बॉक्स घेत असाल तर गेज लावून चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका, बाहेरून रंग मारलेला सगळाच नवा दिसतो.

आता त्या चंदेरी कणीकडे येतो. ती मागच्या, म्हणजे शाफ्टकडच्या बेअरिंगची होती, आणि तिला दोन कारणं होती.

पहिलं कारण अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट आणि बॉक्स एका रेषेत असणं. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, त्या काळात बोट वर ओढून शाकारलेली असते. ते जुळवायचं काम आम्ही तेव्हाच उरकायचो, कारण हातात वेळ असतो. शाफ्ट आणि बॉक्सच्या कपलिंगमधली फट तिथेच जमिनीवर जुळवायची आणि बोट पाण्यात सोडायची. लाकडी बोट ओंडक्यांवर टेकलेली असते तेव्हा तिचं अंग वेगळं असतं, पाण्यात उतरून फळ्या फुगल्या, डिझेल-बर्फ भरलं की वेगळं. मिस्त्रींनी बोट पाण्यात दोन दिवस राहू दिली, टाक्या भरून घेतल्या आणि मग कपलिंगचे बोल्ट सोडून फीलर घातला. जमिनीवर चारी बाजूंनी सारखी असलेली फट आता वर ५ थाऊ आणि खाली २१ थाऊ होती. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे एक हजारांश इंच, इतकाच फरक चालतो हा साधारण नियम आहे. आमचं कपलिंग सहा इंची, म्हणजे सहा थाऊपर्यंत ठीक. आमच्याकडे सोळा. त्या वाकड्या जोडावर शाफ्ट फिरत होता, म्हणून मागचं सील दर दोन महिन्यांनी गळायचं, तेल कमी व्हायचं आणि बेअरिंग कुरतडलं जायचं.

फट मोजताना एक गोष्ट जरूर करा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजलीत की शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. जास्त फट जागेवरच राहिली, म्हणजे खालीच राहिली, तर इंजिन-बॉक्स उचलून-बसवून जुळवायचं. पण जास्त फट शाफ्टबरोबर फिरून वर गेली, तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंग तिरकं बसलंय, आणि मग इंजिनखाली कितीही पट्ट्या सरकवा, जुळणार नाही. पंख्यात जाळं किंवा जाड दोर अडकून बोट झटक्यात थांबली असेल तर या दुसऱ्या शक्यतेची धास्ती धरायची. मोजताना मोकळ्या शाफ्टचं वजन खाली झुकू देऊ नका, त्याला आधार द्या. आणि फाउंडेशनच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत जात असेल तर आजची अलाइनमेंट महिन्यात जाणार.

दुसरं कारण मला अजून सलतं. पहिल्यांदा बॉक्स गेला तेव्हा आम्ही किनाऱ्यापासून लांब होतो. दुसऱ्या बोटीने दोर टाकून आम्हाला पाच तास ओढत आणलं. आमचं इंजिन बंद होतं, पण पाण्याच्या जोराने पंखा फिरत होता, पंख्याबरोबर शाफ्ट आणि शाफ्टबरोबर बॉक्सचे आतले भाग. पाचही तास. तेलपंप इंजिनच्या बाजूने फिरतो, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, म्हणजे ती सगळी बेअरिंगं तेलाशिवाय फिरली. त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. बोट ओढून न्यायची असेल तर शाफ्ट आधी बांधा. समोरची बोट पूर्ण थांबलेली असताना, शाफ्ट फिरत नसताना, कपलिंगच्या बोल्टात मजबूत लोखंडी पट्टी अडकवून ती फ्रेमला टेकवा, किंवा साखळीने जखडा. आणि ओढणाऱ्या तांडेलाला हळू चालायला सांगा.

काही हायड्रॉलिक बॉक्सना आणीबाणीचे बोल्टही असतात. ते आत फिरवले की फॉरवर्डच्या प्लेटा दाबाशिवाय, नुसत्या बोल्टांनी जखडल्या जातात आणि बोट स्वतःच्या इंजिनवर सावकाश घरी येते. आमच्या बॉक्सलाही ती सोय होती हे आम्हाला तिसऱ्या वेळी पुस्तिका वाचताना कळलं. तुमच्या बॉक्सला आहे का ते जेटीवर असतानाच बघा, पाना लागतो तो बॉक्सजवळ टांगून ठेवा. बोल्ट जखडल्यावर न्यूट्रल आणि रिव्हर्स मिळत नाही, इंजिन सुरू झालं की बोट चालूच लागते, म्हणून आधी पुढे मोकळं पाणी आहे याची खात्री करा, सगळ्या खलाशांना सांगा आणि बंदरात शिरताना इंजिन वेळेत बंद करून दोर फेकायची तयारी ठेवा.

तिसऱ्या ओव्हरहॉलला आम्ही केबल नवी टाकली, तिची वाट बदलून मोठं वळण दिलं, स्लीव्ह, रिंगा, दोन्ही बाजूंच्या सगळ्या प्लेटा आणि मागचं बेअरिंग बदललं, कूलर साफ केला, अलाइनमेंट पाण्यात दोन दिवसांनी केली आणि पंधरा दिवस बोट चालल्यावर पुन्हा एकदा तपासली. त्या वेळी पाच थाऊंचा फरक मिळाला, तोही काढला. बॉक्सवरच्या लिव्हरवर आणि त्याच्या शेजारच्या केसिंगवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारून ठेवलीय. फॉरवर्डला दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत. धाकटा खलाशी दर फेरीला निघताना खाली उतरून त्या बघतो. परत आल्यावर गरम बॉक्सचा दाब खणाच्या दारामागे पेन्सिलीने तारखेसह लिहितो, फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही. पहिला आकडा होता साडेचौदा आणि साडेचौदा. एक अख्खा हंगाम झाला, काल संध्याकाळी लिहिलेला आकडा आहे फॉरवर्ड चौदा, रिव्हर्स साडेचौदा. फॉरवर्ड बाराच्या खाली आला की जाळं उचलून सरळ बंदरात यायचं आणि आधी केबल बघायची, हे तांडेलाशी बोलून ठेवलंय.